शेपूट कुठे, हे कोण ठरवतं?

मंगळवार, रात्र. पाषाण.

आज गॅस्ट्रुलॉइड्सचा, म्हणजे स्टेम सेल्सपासून बनवलेल्या, सुरुवातीच्या भ्रूणासारख्या गोळ्यांचा पाचवा दिवस. प्लेट मायक्रोस्कोपखाली घेतली तर बहुतेक वेल्समधले (प्लेटमधल्या छोट्या खळग्यांतले) गोळे लांबट झाले होते आणि शेपटीकडची बाजू दाखवणाऱ्या ब्रॅक्युरी या जनुकाची हिरवी चमक एकाच टोकाला गोळा झाली होती. हे मी कितीदा पाहिलंय, तरी पुढच्या वेलकडे लगेच सरकत नाही.

प्रयोगात करायचं फार नसतंच. उंदराच्या भ्रूणातून फार पूर्वी काढलेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळांत वाढवत आणलेल्या स्टेम सेल्स, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, घ्यायच्या. गोल बुडाच्या प्लेटमध्ये, दर वेलला साधारण ३०० पेशी. बुडाला चिकटता येत नाही, म्हणून त्या एकमेकींना चिकटतात. ४८ तासांनी चायरॉन नावाचं रसायन घालायचं, त्याने पेशींमधला विंट हा संदेशमार्ग चालू होतो. एक दिवस ठेवून ते काढून टाकायचं. बस. पेशी सगळ्या सारख्या, रसायन चहूबाजूंनी सारखं, आणि तरी गोळा एक दिशा धरतो, शेपूट इकडे! बाहेरून कुणी सांगितलेलं नसतं. २०१४ मध्ये केंब्रिजमधल्या आल्फोन्सो मार्टिनेझ आरियास यांच्या गटाने ही पद्धत मांडली. सुरुवातीला पेशी फार जास्त घेतल्या तर एकाच गोळ्याला दोन-दोन शेपट्या फुटू लागतात. म्हणून पेशी मोजताना मी कुणाशी बोलत नाही.

याला पुढचा मेंदू नाही, वार नाही, यातून उंदीर होणार नाही. २०२२ मध्ये इस्राएलमधले जेकब हॅना आणि केंब्रिजच्या माग्दालेना झेर्निका-गोएट्झ यांनी वार आणि पीतक पिशवी घडवणाऱ्या पेशीही सोबत मिसळल्या, तेव्हा धडधडणारं हृदय आणि मेंदूच्या घड्या असलेलं, साडेआठ दिवसांच्या भ्रूणासारखं काही तयार झालं. पण हॅनांच्या प्रयोगात हजारातले जेमतेम पाच गोळे तिथवर पोचले. बातम्यांत हृदयाचं फार कौतुक झालं. मला न पोचलेल्यांबद्दल जास्त विचारावंसं वाटतं.

त्याचं कारण वहिनी. तिचं दोनदा, अगदी सुरुवातीलाच गेलं. नातेवाइकांनी तेव्हा काय काय म्हणावं! पपई खाल्ली असेल, सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून स्कूटर कशाला चालवायची. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मग मला एकटीला विचारायची, "खरंच माझ्यामुळे गं?"

रविवारी मी तिला नीट सांगितलं. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ती चूक बहुतेकदा बीज तयार होतानाच झालेली असते, म्हणजे पपईच्या आणि खड्ड्यांच्या कितीतरी आधी. उरलेल्यांतल्या पुष्कळांचं कारण सापडत नाही, कारण तो काळ कुणाला दिसतच नाही. पाळी चुकली की काय, असं बाई मनात म्हणत असते त्याच सुमाराला आत डोकं कुठे, शेपूट कुठे हे ठरून, पुढे सगळं शरीर ज्यांतून घडतं ते तीन थर पडायला लागतात. सोनोग्राफीत नुसती पिशवी दिसते तोवर हे बरंचसं उरकलेलं असतं.

"मग उंदराचं बघून आमचं कळेल?" तिने विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. थेट नाही कळणार. त्या वेळी उंदराचं भ्रूण पेल्यासारखं असतं, माणसाचं चपट्या चकतीसारखं. म्हणून माणसाच्या पेशींची प्रारूपंही लागतील, आणि ती व्हायला हवीत असं माझं ठाम मत आहे. नियम कडक ठेवूनच. आपल्याकडच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी भ्रूण १४ दिवसांपुढे, किंवा त्याआधी आद्यरेषा (शरीराची दिशा ठरल्याची पहिली खूण) उमटली तर तिच्यापुढे, वाढवता येत नाही. पेशींपासून बनवलेलं प्रारूप गर्भाशयात ठेवायला आंतरराष्ट्रीय स्टेम सेल संस्थेची स्पष्ट मनाई आहे. ती रेघ मला पूर्ण मान्य आहे. आम्हाला बाळ बनवायचं नाहीये, बिघडतं कुठे ते बघायचंय.

वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे एकदा आईंना सांगशील? मी सांगितलं तर पटणार नाही."

सांगणार आहे. आईला मायक्रोस्कोपवरचे फोटोही दाखवीन, दोन शेपट्यांचे आधी.