भूकंपाच्या आधी की नंतर?

आमच्या घरात कुणाला साल विचारायचं नाही. म्हणजे विचारा, पण उत्तर सालात मिळणार नाही. "थोरल्याचं लग्न? ते धरण भरायच्या आधीचं." "विहीर पाडली ती मिलो खाल्ला त्या वर्षी" (मिलो म्हणजे टंचाईत रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी). "तुझे आजोबा ठाण्याला आले तेव्हा वागळे इस्टेटला नुसत्या शेडी उभ्या राहत होत्या." आणि मी मात्र घराण्याचा इतिहास लिहायचा म्हणून एक्सेल शीट करून बसलो होतो, नाव, जन्मगाव, जन्मतारीख असे छान रकाने पाडून, आणि तारखेच्या रकान्यात निम्म्या मंडळींपुढे १ जून!

ही गुरुजींची कृपा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, जन्माची नोंद कुणाकडे नसायची, मग पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की सहा पूर्ण धरायचे आणि १ जून ठोकून द्यायचा. महाराष्ट्रात दर ३१ मेला सरकारी ऑफिसांत रिटायर होणाऱ्यांची जी झुंबड उडते ना, ती याच्यामुळेच. धाकटे काकाही त्यातलेच. कागदावर १ जून १९६६, म्हणून २०२४ च्या ३१ मेला शाल-श्रीफळ घेऊन घरी.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आमच्या गावाचं पान आहे, तेही बघून आलो. पणजोबा, खापरपणजोबा सगळे ओळीने हजर, बायका मात्र शोधून काढाव्या लागतात. आणि गंमत म्हणजे घरातली खरी माहिती सगळी बायकांकडेच. कोण कुणाच्या पाठचं, कुणाच्या बाळंतपणाला कोण आलं होतं, हे आमच्या आत्याला तोंडपाठ. ती किसननगरला राहते, सत्तरी गाठलीय, पण मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला की आकाशवाणीवर आल्यासारखी "आमचं बालपण फार कष्टात गेलं" असं सुरू करते आणि त्यात काही म्हणजे काही सापडत नाही. म्हणून मोबाईल खिशात ठेवला आणि तिच्यासोबत मेथी निवडत बसलो.

जुडी अर्धी झाली नसेल तोवर म्हणाली, "आरं भूकंप झाला तवा बाळ्या पोटात व्हता की." बाळ्या म्हणजे काका. "आईला सहावा म्हयना. पहाटं फडताळातली भांडी धडाधडा पडाय लागली, मीच तिचा हात धरून भाईर आणली, अशी थंडी, वाकळ आणायला आत जायची कुणाची छाती हुईना."

आमचं गाव पाटण तालुक्यात. भूकंप म्हणजे कोयनेचाच, ११ डिसेंबर १९६७. म्हणजे काका १९६८ च्या शिमग्याच्या आसपासचे, मग ते ६६ आलं कुठून? तर बहात्तरच्या दुष्काळात दिवाळीनंतर आजीने पोराला शाळेत नेऊन बसवलं कारण शाळेत सुकडी मिळायची. आजोबा इकडे ठाण्यात, मनिऑर्डर येईल तेव्हा येईल, एका तोंडाची एका वेळची तरी सोय. पोर साडेचार वर्षांचं, हात कानाला पोचेना. आत्या म्हणते गुरुजींनीच त्याची मान जरा वाकवली. मला ते वाकवणं कुठल्याही दाखल्यापेक्षा खरं वाटतं, पण एक्सेलमध्ये त्याला रकाना नाही, म्हणून मग एक नवा रकाना केला, "कशाच्या आधी, कशाच्या नंतर", आणि आता तोच सगळ्यात भरलेला आहे.

काकांना हे फोनवर सांगितलं तर आधी गप्पच झाले, मग थेट आत्याला फोन. "आक्का, म्हंजी माझी जवळजवळ दोन वर्साची सर्व्हिस बुडाली की गं!"

"आन सुकडी कोण खाऊन गेलं?" आत्या.

काकांनी अजून नाद सोडलेला नाही. अडुसष्टचा शिमगा नेमका कुठल्या तारखेला आला होता ते जुन्या पंचांगात बघून दे म्हणून रोज माझ्या मागे लागलेत.