काकांचा चष्मा आणि वीस इंची ट्यूब

दसऱ्याच्या आसपास आमच्या पुण्यातल्या सायकलच्या दुकानात सराट्यांचा हंगाम सुरू होतो. पाऊस ओसरला की टेकडीवरचे सराटे वाळतात, फळाचे तुकडे सुटे होतात आणि कसेही पडले तरी एखादा काटा आभाळाकडे तोंड करून असतोच. मग सकाळी आठपासून पंक्चरची रांग.

त्या शनिवारी एक काका आले. साठी ओलांडलेले, रोज वेताळ टेकडीवर जाणारे. सायकल जुनी, सव्वीस इंची, पण निगा अशी की चेनला बोट लावलं तर काळं होईना. पिशवीतून त्यांनी ट्यूब काढली. मी मोजली, नऊ ठिगळं.

"हे बघ, मला ट्यूबलेस करून दे."

"काका, ही रिम साधी आहे. ट्यूबलेसच्या रिमला कडेला टायर बसायला सपाट जागा असते, हिला नाही. टायरही तारेच्या कडेचा. नवी चाकं घ्या."

"चाकं कसली घ्यायला सांगतोस? सायकलच तेवढ्याची नाही."

नाही म्हणायला हवं होतं. पण शनिवार सकाळ, आणि कधीतरी करून बघायचं मनात होतंच.

रिम स्पिरिटने पुसली, आऱ्यांच्या भोकांवरून ताणून टेपचे दोन वेढे दिले. व्हॉल्व्हचं भोक मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचं, म्हणजे साडेआठ मिलिमीटर. माझ्याकडचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा, त्याला साडेसहा पुरतं. रबरी वॉशर लावून जमवलं. जमवलं म्हणजे तेव्हा तसं वाटलं. सीलंट, म्हणजे भोकं आतून बुजवणारं पांढरं द्रव, ओतलं, कॉम्प्रेसर लावला, साबणाचं पाणी फवारलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक फेस. नट आवळला. फेस थांबला, तर आऱ्या रिमला धरून ठेवणाऱ्या निपलांतून सुरू झाला. टायर नीट बसला की थांबेल म्हणून मी हवा वाढवत गेलो. काका वाकून बघत होते.

हवेचा दाब पस्तीस पीएसआयच्या आसपास गेला आणि टायरची एक कड रिमवरून उडाली. आवाज असा की समोरचा चहावाला बाहेर आला. पांढरं सीलंट भिंतीवरच्या कॅलेंडरवर, माझ्या मिशीत आणि काकांच्या चष्म्यावर. क्षणभर कोणी बोललं नाही. मग काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, तर दूध आणखी पसरलं. "डोळ्याला लागलं असतं तर?" एवढंच म्हणाले. चूक माझी होती. तेव्हापासून साध्या रिमवर हवा भरताना मी कोणालाही चाकाजवळ उभं राहू देत नाही.

काका मात्र हलेनात. मग जुनी युक्ती आठवली. लहान मुलांच्या सायकलची वीस इंची ट्यूब घेतली, व्हॉल्व्ह जाड तोंडाचा, म्हणजे भोकात चपखल. हवा भरून रिमवर चढवली, मग बाहेरच्या अंगाने ब्लेडने गोल चिरली. मासा सोलावा तशी ती दोन्ही बाजूंना उलगडली आणि तिच्या कडा रिमबाहेर लोंबू लागल्या. रबर ताणलेलं असल्यामुळे रिमला घट्ट बसलं, आऱ्यांची भोकं आपोआप बंद. त्यावर टायर. आता टायर आणि रिम यांच्यामध्ये रबराची पट्टी असल्याने मघाचा ढिलेपणा गेला, उलट शेवटची वीतभर कड चढवताना अंगठे सोलले. व्हॉल्व्हची पिन काढून नव्वद मिली सीलंट आत सोडलं, काकांना दाराबाहेर उभं केलं आणि कॉम्प्रेसर दाबला.

टक्. टक्-टक्. कडा एकेक करून जागेवर बसल्या. कॉम्प्रेसर काढून पिन बसवली, लगेच हवा मोजून भरली. तीसच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. चाक आडवं धरून सगळीकडून फिरवलं, लोंबणारं रबर ब्लेडने कापलं, रात्रभर टांगून ठेवलं. सकाळी हवा दोनच पीएसआय उतरली होती. मागचं चाक एका तासात झालं.

पंधरा दिवसांनी काका आले. पुढच्या टायरमध्ये सराटा, मुळापर्यंत.

"काढू का रे?"

"काढा. आणि ती जागा खाली येईल असं चाक फिरवा."

त्यांनी नखाने उपटला. सूंऽऽ. चाक फिरलं, भोक जमिनीकडे आलं, पांढरा थेंब फुगला. सूं बारीक झाली. काकांनी कान टायरला लावला.

"थांबलं," म्हणाले, आणि दुसरा सराटा शोधायला लागले.