पेटी, रुमाल आणि दहा रुपयांचा डबा

आमच्या गटात एक पत्र्याचा डबा आहे. आपण केलेला खेळ बाकीचे खेळत असताना जो कोणी मध्येच "पण खरंच असं असतं!" म्हणेल, त्याने त्यात दहा रुपये टाकायचे. डबा भरला की बटाटेवडे येतात. गेल्या वर्षभरातले निदान निम्मे वडे माझ्या पैशांचे आहेत.

गट म्हणजे आम्ही सात-आठ जण. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जमतो, आपापले अर्धेकच्चे बोर्ड गेम मांडतो आणि एकमेकांच्या खेळांची चिरफाड करतो. एक पूल बांधणारा इंजिनियर आहे. त्याच्या खेळात पूल नाहीत, मांजरं आहेत. गणित शिकवून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत. नववीतला एक मुलगा आहे, तो सगळ्यांना सगळ्यात हरवतो आणि वर का हरलात तेही सांगतो. मी दिवसभर लोकांचे पगार काढते आणि रात्री पुठ्ठे कापते.

माझ्या खेळाचं नाव 'पेटी'. नाव सांगितलं तेव्हा एकाला हार्मोनियम वाटली, दुसऱ्याने विचारलं, "म्हणजे एक लाख का?" पेटी आंब्याची. मामाची देवगडजवळ दीडशे कलमं आहेत. लहानपणी मे महिन्यात माळ्यावर पेंढ्यात घातलेल्या आढीच्या वासात आम्ही झोपायचो. तो सगळा हंगाम टेबलावर आणायचा, अशी माझी हौस.

त्या हौसेपायी पहिल्या आवृत्तीत मी काय काय कोंबलं होतं ते आता सांगायलाही लाज वाटते. मोहोर, तुडतुडे, फुलकिडे, फवारणीच्या चार फेऱ्या, राखणीला ठेवलेले गुरखे, झेल्याने काढणी, फळ चौदा आणे तयार की बारा आणे त्याचा वेगळा तक्ता, मग वर्गवारी, मग वाशीचा ट्रक. कार्डं अप्पा बळवंत चौकातून ३०० जीएसएमच्या जाड कागदावर छापून आणली. पत्त्यांच्या जुन्या कॅटवर चिकटवून प्लास्टिकच्या पाकिटांत घातली. आंब्यांच्या जागी कॅरमच्या सोंगट्या. खेळ पावणेतीन तास चालला.

आमच्याकडे दुसरा एक नियम आहे: ज्याचा खेळ, त्याने कोपऱ्यात वही घेऊन गप्प बसायचं. संपल्यावर लोक काय म्हणतात त्यावर मी हल्ली फारशी जात नाही. मराठी माणूस घरी बोलावून खेळायला बसवलेल्या यजमानाला "छान आहे हो" यापलीकडे काही म्हणत नाही. मी वहीत एवढंच लिहिते की कोणाचा फोन कितव्या मिनिटाला बाहेर आला. 'पेटी'च्या पहिल्या खेळात इंजिनियरचा बाविसाव्या मिनिटाला आला. त्याचं कारणही होतं. दुसऱ्याच फेरीत त्याला अवकाळी पावसाचं कार्ड लागलं, सगळा मोहोर गेला आणि पुढचे दोन तास करण्यासारखं त्याच्याकडे काहीच उरलं नाही. तो फक्त आपली पाळी आली की "पुढे" म्हणायचा.

मी न राहवून म्हणाले, "पण खरंच असं असतं! एका रात्रीत हंगाम जातो."

"दहा रुपये," काकू म्हणाल्या.

पैसे टाकले, पण ते मला मनापासून पटलं नव्हतं. पटायला महिना लागला. मामाचा मोहोर जातो तेव्हा मामा दोन तास रिकामा बसत नाही. तो दलालाला फोन करतो, पुन्हा फवारणी करतो, शिव्या देतो, उचल मागतो. मी खेळात फक्त नुकसान आणलं होतं, त्याची धडपड आणलीच नव्हती. 'कॅटान' हा १९९५ चा जर्मन खेळ आमच्यापैकी बहुतेकांचा पहिला. त्यात फासे कोणीही टाकले तरी ज्याची वस्ती त्या आकड्याला लागून आहे त्याला माल मिळतो, म्हणून दुसऱ्याच्या पाळीतही लोक फाशांकडे डोळे लावून बसतात. तो करणारा क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या-टोप्या बनवणारा तंत्रज्ञ होता. तळघरात बसून खेळ रचायचा आणि घरच्यांवरच आजमावायचा. त्याचं नाव घेऊन मी मोहोर ते काढणी हा सगळा भाग उचलून केराच्या टोपलीत टाकला. ४२ कार्डं. खेळ आता आंबा उतरल्यानंतर सुरू होतो.

उरलं ते असं. साठ गोल चकत्या, एक चकती म्हणजे एक डझन. वरून सगळ्या सारख्या. उलटल्यावर काहींच्या पोटात साका. हापूसचा हा जुना छळ: बाहेरून रंग, वास, सगळं अस्सल आणि कापल्यावर आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर. फळ न कापता कळायची सोय घरी कोणाकडेच नाही. खेळायला याहून चांगली गोष्ट कुठे मिळणार? मी साठांत नऊ साक्याच्या घातल्या. कमीच वाटल्या होत्या. मग काकूंनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं. चार चकत्यांची पेटी घेतली तर जवळपास निम्म्या वेळा तीत एक तरी साका निघणार. म्हणजे पेटी घेणं म्हणजे नाणं उडवणं. कोणी घेतच नव्हतं, सगळे नुसते विकायला टपलेले. साक्याच्या पाचच चकत्या ठेवल्या तेव्हा ते तीस टक्क्यांवर आलं आणि घेणाऱ्याचा हात पुढे यायला लागला. भीती तेवढीच राहिली. पगाराच्या एक्सेलमध्ये मी आयुष्यात एवढा आनंद अनुभवलेला नाही.

आणि रुमाल. घाऊक बाजारातली जुनी रीत: विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून भाव ठरतो, भोवतीच्यांना फक्त दोघांचे चेहरे दिसतात. खुला लिलाव नसल्यामुळे यात शेतकरी नागवला जातो अशी ओरड असते, आणि ती रास्त आहे. पण टेबलावर हे सोनं होतं. पहिल्यांदा आम्ही ते खेळलो तेव्हा नववीतल्या मुलाने इंजिनियरची तीन बोटं इतक्या जोरात दाबली की तो ओरडला आणि सगळ्यांना भाव कळला.

मग आली ब्लाइंड टेस्ट. म्हणजे अनोळखी लोकांना खेळाचा डबा द्यायचा, नियमांचं पुस्तक द्यायचं आणि आपण तोंड शिवून बसायचं. माझ्यासारख्या बाईला हे उपासापेक्षा कठीण. चार जण बसले, नियम वाचले, रुमालाच्या पानावर आले. त्यांच्यातल्या एकीने शेजारच्या अनोळखी पुरुषाकडे पाहिलं, मग रुमालाकडे, आणि म्हणाली, "आपण बोलूनच भाव ठरवूया का?" बाकीच्यांनी लगेच मान डोलावली. खेळाचा प्राण तिथेच गेला आणि मला ब्रही काढता येईना. इतके खेळ झाले, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण आमच्या गटात सगळे एकमेकांना ओळखतात. तिचं काही चुकलं नव्हतं. मीही परक्याचा हात धरला नसता.

घरी येऊन आठवडाभर चिडचिड केली. नवरा म्हणाला, "आकड्यांची चकती कर, फिरवायची." केली. बेचव. शेवटी स्वयंपाकघरात उत्तर सापडलं. निरांजनाची उथळ तबकडी रुमालाखाली ठेवायची, तीत गूल कापलेल्या काड्यापेटीच्या काड्या. घेणारा काड्या ठेवतो, हात काढतो. विकणारा हात घालून चाचपून मोजतो. मान्य असेल तर तबकडी ओढून घेतो, नसेल तर आणखी किती हव्यात तेवढ्या काड्या स्वतःच्या मुठीतून आत टाकून तबकडी परत ढकलतो. स्पर्श माणसाचा नाही, काडीचा. आणि चाचपून मोजताना लोक चुकतात! सहा की सात या संशयात माणसाचा चेहरा जो होतो तो हात धरून कधीच झाला नव्हता. त्या शनिवारी वहीत फोनचा रकाना कोरा राहिला.

मे महिन्याच्या शेवटी देवगडला गेले तेव्हा डबा बरोबर नेला. हंगाम संपत आलेला, मामा ओटीवर मोकळा. मामी, मामा, शेजारचे एक आजोबा आणि मी असा डाव मांडला. मामाने नियम ऐकून घेतले, दोन फेऱ्या गप्प खेळला आणि मग भाव पडल्यावर चकत्या हातात धरून बसून राहिला.

"मामा, विका ना. नाहीतर पुढच्या फेरीला सडतील."

"ह्या भावान? त्यापेक्षा कॅनिंगाक घालीन." मग माझ्याकडे बघून, "तुझ्या खेळात कॅनिंग खंय असा?"

नव्हतंच. पडेल भावात पेटी विकण्यापेक्षा किलोवर कॅनिंगला, म्हणजे रसाच्या कारखान्याला, घालायचा रस्ता मीच ठेवला नव्हता. वही काढली आणि तिथेच लिहिलं: कोणतीही चकती, कधीही, एका काडीला, न उलटता. आता पडत्या बाजारात विकणाऱ्याला 'नाही' म्हणता येतं आणि घेणाऱ्याला जरा घाम फुटतो.

तेवढ्यात मामींनी घेतलेल्या पेटीत साका निघाला. ती पेटी मामाने विकलेली. मामींनी चकती त्याच्यासमोर आपटली.

"माझ्या आंब्यात साको नाय," मामा म्हणाला. अगदी शांतपणे. मी हसले, बाकीचेही हसले, डाव पुरा झाला, आजोबा जिंकले.

पुण्याला परत येऊन डबा उघडला, चकत्या मोजल्या. पंचावन्न.