वकील होती, वकीलपत्र नव्हतं

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या मैत्रिणीचा मेसेज आला, तू म्हणे डिव्होर्स स्वतःच केलास, वकील न लावता, मला पण सांग ना कसं. उत्तर टाइप करता करता इतकं लांबलं की म्हटलं आता इथेच लिहून टाकते, दोघीतिघींना तरी उपयोग होईल.

तर पहिलं म्हणजे वकील न लावता हे अर्धंच खरं आहे. वकील होती. फक्त तिला मी वकीलपत्र, म्हणजे माझ्या वतीने केस चालवायचा लेखी अधिकार, दिलं नव्हतं. हा फरक मलाही आधी माहीत नव्हता. आपल्याकडे वकील करणं म्हणजे वकीलपत्रावर सही करायची, पॅकेज ठरवायचं आणि मग प्रत्येक तारखेला ‘मॅडम आज काय होणार’ असं विचारत मागेमागे फिरायचं, एवढंच आपण बघितलेलं असतं. मी केलं ते असं, की फाइल माझी, तारखा माझ्या, कोर्टात उभी मी, आणि जिथे एक शब्द चुकला तर पुढची दहा वर्षं महागात पडेल तेवढ्याच ठिकाणी पैसे देऊन वकिलाचं डोकं वापरायचं. अमेरिकेत याला रीतसर लिमिटेड स्कोप म्हणतात, कॅलिफोर्नियात तर वकील केसच्या ठरावीक भागापुरताच उभा राहणार असेल तर ते कोर्टाला कळवायला वेगळा फॉर्म आहे, एफएल-950 नंबरचा. आपल्याकडे असा फॉर्मबिर्म काही नाही, आपणच तोंडी आणि मेलवर ठरवून घ्यायचं.

आणि गंमत म्हणजे फॅमिली कोर्टात स्वतः उभं राहणं हा काही आगाऊपणा नाहीये. 1984 च्या फॅमिली कोर्ट कायद्यातलं कलम 13 च सांगतं की इथे वकिलामार्फत बाजू मांडणं हा पक्षकाराचा हक्क म्हणून नाही, आणि कोर्टाला गरज वाटली तर ते न्यायमित्र म्हणून कायदेतज्ज्ञाची मदत घेऊ शकतं. प्रत्यक्षात परवानगी मागून जवळजवळ सगळेच वकील लावतात ती गोष्ट वेगळी. पण आईला जेव्हा हे कलम वाचून दाखवलं तेव्हा तिचं ‘अगं पण तुला आत तरी सोडतील का’ हे बंद झालं. (मग ‘लोक काय म्हणतील’ सुरू झालं, त्याला कलम नाही.)

आमची परिस्थिती सांगते म्हणजे अंदाज येईल. 2021 च्या गणपतीनंतर आम्ही वेगळे राहायला लागलो, मुलगी तेव्हा चार वर्षांची, पुण्यात धायरीला दोघांच्या नावावर टू बीएचके, मारहाण नाही, पोलीस नाही, कोणी तिसरं नाही. दोघांनाही नको होतं एवढंच. त्यामुळे हिंदू विवाह कायद्यातलं कलम 13-बी, म्हणजे म्युच्युअल, दोघांच्या संमतीने. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तर कधीच झालं होतं. 2024 च्या जानेवारीत ठरवलं की आता पुरे, कागदावर पण होऊ दे.

पहिल्या दोन वकिलांनी जवळपास सेमच ऐकवलं, आधी वकीलपत्र द्या मग बघू. एकांनी पंच्याहत्तर हजार सांगितले, दोघांचे मिळून, आणि म्हणाले तुम्हाला काहीच करायला लागणार नाही फक्त सह्या करायच्या. मला नेमकं तेच नको होतं. सहीच करायची तर लग्नात पण केली होती रजिस्टरवर, न वाचता.

मग ऑफिसमधल्या एकीने तिच्या ओळखीच्या वकील मॅडमचा नंबर दिला. त्यांना फोनवरच सांगितलं की मला तासाने सल्ला हवाय आणि ड्राफ्ट तपासून हवाय, कोर्टात मी जाईन. त्या दोन सेकंद गप्प बसल्या आणि म्हणाल्या, चालेल, पण मग तारीख लक्षात ठेवणं तुमचं काम, मी फोन करणार नाही, आणि मध्येच काही बिघडलं तर मी त्यात नाही, नवीन बोलणी करायची. तासाचे दोन हजार, ड्राफ्टिंगचे पंधरा हजार. मी हे सगळं मेल करून त्यांच्याकडून ओके घेतलं. तुम्हीही घ्या. नंतर वाद नको म्हणून तर घ्याच, पण मेल लिहितानाच आपल्याला कळतं की आपण नक्की काय मागतोय.

पहिल्या भेटीला मी मोठ्या ऐटीत माझा ड्राफ्ट घेऊन गेले. नेटवरून फॉरमॅट डाउनलोड करून, नावं बदलून, रात्री दोन वाजेपर्यंत जागून केलेला. मॅडमनी पहिलं पान बघितलं आणि हसल्याच. वर शीर्षकात पुणे केलं होतं पण खाली तिसऱ्या परिच्छेदात तीस हजारी कोर्ट तसंच राहिलं होतं. दिल्लीचा फॉरमॅट. पुढे विनंतीच्या परिच्छेदात क्रूरतेचं कलम आलेलं, म्हणजे एकाच कागदात आम्ही दोघं राजीखुशीने वेगळेही होतोय आणि तो माझा छळही करतोय. आणि वेगळं राहायला लागल्याची तारीख पिटिशनमध्ये एक आणि ऍफिडेव्हिटमध्ये दुसरीच. ही तारीख साधी वाटते पण एका वर्षाची अट त्याच तारखेवर मोजतात, त्यामुळे सगळीकडे एकच हवी. त्या एका तासाचे दोन हजार तिथेच वसूल झाले.

पण खरा जीव असतो तो कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी कबूल केलेल्या लेखी अटींमध्ये. पिटिशन हा ठरलेला साचा आहे, नाव, लग्नाची तारीख, पत्ता, मुलं. कन्सेंट टर्म्स म्हणजे तुमचं पुढचं आयुष्य. मी भाबडेपणाने लिहिलं होतं की मी भविष्यात स्वतःसाठी किंवा मुलीसाठी कसलीही रक्कम मागणार नाही. स्वाभिमान वगैरे. मॅडम म्हणाल्या, स्वतःचं सोडायचं ते सोडा, मुलीचं तुम्ही कोण सोडणार, पोषणाचा हक्क तिचा आहे, आई सही करून तो विकू शकत नाही. मग तिथे शाळेची फी अर्धी-अर्धी, दर महिन्याची रक्कम, दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, मेडिक्लेम कोणाच्या पॉलिसीत, सुट्ट्या कशा वाटायच्या हे सगळं आलं. ‘वडील सोयीनुसार भेटतील’ असं माझं एक वाक्य होतं, त्यावर त्यांनी नुसतं पेन आपटलं. कोणाच्या सोयीनुसार? शनिवार की रविवार, किती वाजता, कोण आणून सोडणार, दिवाळी कोणाकडे. आणि एक मला सात जन्मात सुचलं नसतं ते म्हणजे पासपोर्ट. मुलीचा पासपोर्ट काढताना, रिन्यू करताना आईवडील दोघांची संमती विचारतात, तर तेव्हा तो सही करेल आणि अडवणार नाही असं आत्ताच लिहून घ्या. घेतलं.

आता फ्लॅट. लोन थोडंच उरलं होतं, ते मी पीएफमधून आणि आईच्या एका एफडीतून फेडलं, बँकेची एनओसी आणली. ठरलं असं होतं की त्याचा अर्धा हिस्सा तो मला देणार, त्याच्या बदल्यात कसलीही देवघेव नाही. त्याचा चुलतभाऊ वकील आहे (तो त्याच्या बाजूने फुकट बघत होता), त्याचं म्हणणं आधी डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, होऊ दे, मग फ्लॅटचं निवांत करू. ऐकायला बरोबर वाटतं ना? मला पण वाटलं. मॅडमकडे दुसऱ्या तासाला गेले तेव्हा सहज बोलता बोलता हे निघालं आणि त्या खुर्चीत सरळ झाल्या. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर स्टॅम्प ड्युटी फक्त 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार वगैरे वेगळे. पण नवऱ्याने बायकोला. डिक्री झाल्यावर तुम्ही एकमेकांचे कोण? कोणी नाही. मग बाजारभावावर पूर्ण ड्युटी, आमच्या हिशोबाने लाखांच्या घरात. घटस्फोटाच्या आधी आम्ही नवराबायको असल्याचा हा एवढाच शेवटचा फायदा उरला होता आणि तो आम्ही घालवणार होतो.

चुलतभावाची भीती पण खोटी नव्हती हां. म्युच्युअलमध्ये शेवटपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच ते सांगून ठेवलंय. म्हणजे मी फ्लॅट नावावर करून घेतला आणि मग म्हटलं जा, मला नाही द्यायचा डिव्होर्स, तर तो काय करणार. शेवटी आम्ही दोघं एका उडप्याकडे बसलो, तीन वर्षांत पहिल्यांदा एकटे, आणि मी त्याला विचारलं तुला खरंच वाटतं का मी असं करेन. तो म्हणाला नाही. मग पहिली हजेरी झाली की त्याच आठवड्यात बक्षीसपत्र रजिस्टर करायचं ठरलं आणि तसंच झालं. या असल्या गोष्टीला वकील काही करू शकत नाही.

कोर्टातलं मी थोडक्यात सांगते कारण ते खरंच थोडक्यात आहे. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, मॅरेज सर्टिफिकेट, दोघांचे आधार, पत्त्याचे पुरावे, सगळ्याचे तीन-तीन सेट करून ठेवा. मग समुपदेशकांकडे पाठवतात, दोघांशी वेगवेगळं आणि मग एकत्र बोलतात, मनापासून विचारतात की काही जमण्यासारखं आहे का. मी तिथे रडले. रडायचं ठरवलं नव्हतं. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिने थांबायचं असतं, पण सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर तो काळ कोर्ट माफ करू शकतं, वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असेल, मुलांचं, पोटगीचं सगळं मिटलेलं असेल आणि समेटाचे प्रयत्न होऊन गेलेले असतील तर. तो अर्ज मॅडमनी ड्राफ्ट केला, अडीच पानं, वेगळे तीन हजार. मंजूर झाला.

माझी स्वतःची घोळ घालायची हौस पण भागली. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या केसचा नंबर, टाकला की पुढची तारीख दिसते, मी एकदा बघून ठेवली आणि फोनमध्ये टाकताना 12 च्या जागी 21 टाकली. त्याचा फोन आला, अगं कुठे आहेस, पुकारा झाला. मी हिंजवडीत मीटिंगमध्ये. मॅडमना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, मी सांगितलं होतं ना. पुढची तारीख मिळाली, एवढंच झालं नशिबाने, पण वकीलपत्र न देण्याची खरी किंमत ही आहे, तुमच्यासाठी तिथे उभं राहणारं दुसरं कोणी नसतं. आणि भाषा. एकदा मला म्हणाले पुरसिस द्या. मी पर्समध्ये बघायला लागले. पुरसिस म्हणजे कोर्टाला काहीतरी कळवायचं तो छोटा लेखी कागद, तिथेच शेजारी बसलेल्या एका ज्युनिअर वकील मुलाने कोऱ्या कागदावर कसं लिहायचं ते दाखवलं, पैसे पण घेतले नाहीत. रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद), नक्कल (कागदाची कोर्टाने दिलेली प्रत), शिरस्तेदार (कोर्टाच्या ऑफिसातला अधिकारी) हे शब्द आधीच ऐकून जा.

शेवटच्या तारखेला जजसाहेबांनी विचारलं, कन्सेंट टर्म्स वाचल्यात का, समजल्यात का, कोणाचा दबाव आहे का. मी वाचल्या होत्या. पाठ होत्या खरं तर, कुठलं वाक्य का आलंय ते पण. माझ्या आधीच्या जोडप्यातली ती मुलगी हाच प्रश्न आल्यावर वळून वकिलाकडे बघत होती.

हिशोब सांगायचा तर, सल्ल्याचे चार तास, ड्राफ्टिंग, तो एक अर्ज, मिळून सव्वीस हजार. नोटरी, झेरॉक्स, रिक्षा वेगळं.

हे सगळ्यांना जमेल असं मी अजिबात म्हणत नाही. समोरचा हात उगारणारा असेल, मुलाचा ताबा भांडणात असेल, तो खरा पगार लपवत असेल, तर हा उद्योग करू नका, पूर्ण वकील लावा. पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, 1987 च्या कायद्याप्रमाणे बायकांना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. खूप जणींना वाटतं ते फक्त गरिबांसाठी आहे. तसं नाही. फोन करायचा तर 15100.

डिक्रीच्या तीन नकला काढल्या, एक आईकडे ठेवली. शेवटचा अर्धा तास मॅडमकडे फक्त यादीसाठी घेतला, पीएफचं नॉमिनेशन, एलआयसी, बँकेतलं नॉमिनी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. एकेक करत सगळं बदललं. गॅसचं कनेक्शन मात्र अजून त्याच्याच नावावर आहे. सिलिंडर आला की ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो, आणि तो मला फॉरवर्ड करतो.