ठाणेवासना: जमिनीत वीज सोडून तांब्याचा माग

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यात ठाणेवासना आहे. इथल्या क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्या, शिरांमध्ये चाल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज आहे, हे भूवैज्ञानिकांना जुनंच माहीत. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो ते रेझिस्टिव्हिटी सर्व्हे, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजणं, शिकवायला.

चार सळया एका ओळीत, सारख्या अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघींमधलं व्होल्टेज मोजायचं. अंतर वाढवलं की प्रवाह खोल उतरतो. वीस मीटर ठेवलं तर ढोबळमानाने दहा मीटरपर्यंतचं कळतं.

धातूचं खनिज वीज सहज वाहून नेतं, म्हणून तिथे आकडा कमी येईल अशी अपेक्षा. धानाच्या बांधीत रीडिंग धडाधड उतरलं आणि पोरं "सर, तांबं!" म्हणून नाचायला लागली. पण खाली नुसती ओली चिकणमाती होती. ताजा ग्रॅनाइट हजारो ओहम-मीटर दाखवतो, अशी माती जेमतेम दहा-वीस. ग्राफाइटही असंच फसवतं. उलट चाल्कोपायराइट स्वतः उत्तम वाहक असूनही शिरेत त्याचे कण सुटे विखुरलेले असले, तर मधलं क्वार्ट्झ प्रवाह अडवतं आणि आकडा फारसा हलतच नाही. तिथे आयपी (इंड्यूस्ड पोलरायझेशन) करावं: प्रवाह तोडल्यावर व्होल्टेज किती वेळ रेंगाळतं ते बघायचं. विखुरलेले कण त्यात सापडतात. नुसत्या रेझिस्टिव्हिटीवर बोअर घ्यायचा असेल, तर माझी सही मागू नका.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. उन्हाळ्यात जमीन इतकी वाळते की सळईला पकडच मिळत नाही. तेव्हाही जावंच लागलं तर मिठाच्या पाण्याचे कॅन जास्त घ्या आणि प्रत्येक सळईच्या बुडाशी ओता. पहार आणि घण गावात मिळतात, पण मल्टिमीटर आणि जादा वायर आपलीच हवी. रानडुकरांसाठी शेतकरी झटका मशीन लावतात. ते बंद करायला आधी सांगा, नाहीतर रीडिंग नुसतं नाचत राहतं. विजेच्या तारांपासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब ओळ आखा.

सळयांमध्ये काहीशे व्होल्ट असू शकतात. टोकाच्या प्रत्येक सळईपाशी माणूस उभा करा. गुरं आणि बघ्यांची पोरं नेमकी तिथेच येतात. आभाळ गडगडलं की वायर गुंडाळा. वाघाचा मुलूख आहे, तेव्हा जंगलाच्या कडेला वनखात्याची परवानगी आणि गावातला माणूस सोबत असल्याशिवाय ओळ टाकू नका, आणि दिवस मावळायच्या आत गाडीत बसा.