मोहिनीची गाडी पंक्चर

माझा साउंडचा धंदा आहे, कुडाळात. लग्न, बारसं, गणपती सगळं करतो पण खरा सीझन जत्रांचा. कार्तिक-मार्गशीर्षात गावागावच्या जत्रा लागल्या की रात्रीची झोप विसरायची, कारण जत्रा म्हणजे दशावतार, आमच्याकडे धयकालो म्हणतात, तो रात्री उशिरा उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो.

बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही, पण ह्या नाटकाला लिहिलेली संहिताच नसते. तोंडाला रंग लावता लावता ठरतं आज कुठलं आख्यान, कोण कुणाच्या मागून येणार, आणि संवाद सगळे तिथेच उभ्याउभ्या. पेटीवाला आणि मृदुंगवाला नटाच्या तोंडाकडे बघून उचलतात. मी पण तेच करतो, मिक्सरवरचा हात काढायची सोय नाही.

त्या रात्री भस्मासुराचं आख्यान होतं. गाववाल्यांनी देवळामागे पंगत घातली, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात, सोलकढी. शंकर, विष्णू, राक्षस आणि मी एका रांगेत मांडी घालून. तेवढ्यात नाटक कंपनीच्या मालकाला फोन, मोहिनी करणारा स्त्रीपार्टी ड्युटी संपवून बाइकवरून येत होता आणि मधेच पंक्चर. एवढ्या रात्री पंक्चरवाला कुठला मिळणार! मला वाटलं आता आख्यान बदलणार, तर मालक कढीची वाटी तोंडाला लावत म्हणतो, "येयत तो. तवसर ताणूया."

आधी आडदशावतार झाला, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळ्या कपड्यात काळा मुखवटा लावून संकासूर. एक सांगतो, देव सगळे पुस्तकी मराठीत बोलतात, "हे नाथ, हे प्राणेश्वर" वगैरे, आणि आमची मालवणी वाट्याला आलीय ती संकासुराच्या. पण मुंबईहून आलेला चाकरमानी एरवी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो तो संकासूर आला की मान वर करतो. ह्यात काय ते समजा.

मग आख्यान. भस्मासुराने तप केलं. किती केलं? त्याला उठायची घाईच नव्हती. शंकराने वर दिला, ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म. मग नारद आला आणि दोघांचा वाद जुंपला की एवढी ताकद मिळाल्यावर माणसाने पहिलं करायचं काय, त्यात गावचा न झालेला रस्ता आला, सरपंच आला, माझं जनरेटरचं भाडं पण आलं, आणि लोक लोळून हसतायत. मोहिनीचा अजून पत्ता नाही.

शेवटी भस्मासूर शंकराच्या मागे लागला आणि शंकर रंगमंचावरून उडी मारून पळाला तो थेट प्रेक्षकांतून, बायकामाणसांना ओलांडत खाजेवाल्याच्या दुकानामागे जाऊन लपला! माझे माइक सगळे स्टेजवर. कॉर्डलेस घेऊन धावलो. पोचलो तर देवाधिदेव आलं घातलेलं गुळाचं खाजं चावतायत, आणि तोंडात घास ठेवून त्याच माइकवर, "हे विष्णो, धाव!" तिकडे संकासूर झालेलाच माणूस आता गुराखी होऊन आला होता. भस्मासुराने शंकर कुठे विचारल्यावर म्हणतो, "माका काय म्हायत? त्या माइकवाल्याक इचार, तारेच्या मागसून जा, गावतलो." कॉर्डलेसला तार नसते हे त्याला कोण सांगणार, पण टाळ्या त्यालाच.

ह्या पळापळीचे असे बरेच फेरे झाले. मधे देवळाच्या बाजूने हॉर्न वाजला, लोकांनी ओळखलं, "इली इली, मोहिनी इली!" एका टेम्पोवाल्याने आणून सोडला होता त्याला. आत जाऊन तो लुगडं नेसून, रंग लावून बाहेर आला, आणि खरं सांगतो, आल्या आल्या असा नाचला की मगाशी ह्याचीच वाट बघत होतो हे विसरायला झालं. भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर गेला तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं.

दहीहंडी फुटली, काला वाटला, मी वायरी गुंडाळत होतो तर खाजेवाला आला.

"देवान खाजा खाल्ल्यान, त्येचे पैशे कोण देतलो?"

मालकाकडे बोट दाखवलं. मालक म्हणाला, लपायची जागा शंकरानेच निवडली, कंपनीने सांगितलेलं नव्हतं. शंकर दाढी-जटा काढून चहा पीत बसला होता, म्हणाला मी आता शंकर नाही. शेवटी मीच दिले, आणि वर अर्धा किलो घरी पण घेतलं, आलं जरा जास्त होतं पण चांगलं होतं.