पोलीस पाटील भरती : माझा अनुभव

आमच्या गावचं पोलीस पाटीलपद बरेच दिवस रिकामं होतं. सोडतीत ते महिलेसाठी निघालं आणि प्रांत कार्यालयाचा जाहीरनामा तहसीलच्या फलकावर लागला. अटी वाचायला सोप्या : वय २५ ते ४५, दहावी पास, त्याच गावची रहिवासी, शरीराने सुदृढ, चारित्र्य स्वच्छ. वयात कुठल्याच प्रवर्गाला सवलत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई नुकत्याच ४५ ओलांडून बसलेल्या. गाव त्यांना माझ्यापेक्षा जास्त मानतं, पण इलाज नव्हता.

माझं घोडं अडलं ते रहिवासाच्या अटीवर. दहावीची सनद माहेरच्या नावाने, आधार आणि मतदार यादी सासरच्या नावाने. दोन्ही नावांची बाई एकच, हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागला. तो ग्रामसेवकाकडून काढला. तेवढ्यात हरकत आली : हिचा नवरा चाकणला कंपनीत, ही इथे राहतेच कुठे? मग रेशनकार्ड, घरपट्टीची पावती आणि धाकटा आमच्याच झेडपीच्या शाळेत असल्याचा दाखला जोडला. तलाठ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून अहवाल दिला तेव्हा हरकत फेटाळली गेली.

त्या वेळी चीड आली होती, पण अट रास्त आहे. १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार गावातला गुन्हा, संशयास्पद मृत्यू, शांतता बिघडायची लक्षणं हे सगळं पोलीस पाटलाने कळवायचं असतं. रात्री दोनला विहिरीत कुणी पडलं तर फोनवरून कारभार करणारा पाटील काय कामाचा?

लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी २०. लेखीत ३६ मिळाले तरच पुढे बोलावतात. गणित, सामान्य ज्ञान आणि पोलीस पाटलाची कर्तव्ये यांवर मी भर दिला. मुलाखतीला प्रांतसाहेब आणि पोलीस उपअधीक्षक होते. शिवेला लागून कोणती गावं, यात्रेत वाद कशावरून होतो, असंच विचारलं. घरातल्याच भांडणाची तक्रार आली तर कळवाल का, हाही प्रश्न आला. "कळवेन" म्हणाले. मामंजी बाहेर बसले होते, बरं झालं!

लोकांना अजून वाटतं की पाटलाच्या घरातलाच पाटील होतो. वंशपरंपरागत पाटीलकी साठच्या दशकातच संपली. आता वारसाचा विचार होतो तो दोघांचे गुण समान आले तरच.

निवडीनंतर पोलीस ठाण्याची चारित्र्य पडताळणी आणि सरकारी दवाखान्याचा दाखला झाला. कुठे पूर्णवेळ नोकरी नाही, ग्रामपंचायतीची सदस्य नाही, हेही लिहून द्यावं लागलं. शेती करायला हरकत नाही. नेमणूक ५ वर्षांची, पुढे नूतनीकरण. मानधन २०२४मध्ये साडेसहा हजारांवरून १५ हजार झालं, त्यामुळे यंदा अर्जही भरपूर आले होते. अर्ज करणार असाल, तर अभ्यासाआधी नावांचे कागद जुळवायला घ्या, विशेषतः लग्न होऊन आलेल्या बायकांनी.